वावाले वाव नाही

मोठ्या आईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकूच्या, गळ्यातली गाठ काढायचं ठरलं. डॉक्टरांनी सांगून टाकलं, जिवाला धोका नाही, आवाजाची मात्र हमी नाही. आणि आवाज हीच तर तिची इस्टेट! शेलूबाजारच्या घरून तिनं हाक मारली की रोडवरची जीप थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं, सवारी बोलावतेय. मी घाबरलो. माईक आणि लॅपटॉप घेऊन गेलो आणि तिला गायला बसवलं.

दुसऱ्या कडव्यात मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, आतून ओरडले, "अवं, माहा चष्मा कुठी ठेवला?"

मोठ्या आईनं गाणं थांबवलं, पट्टी सोडली नाही. "नाकावर हाये तुमच्या!" म्हणाली आणि पुढचं कडवं उचललं.

फाइल भली मोठी निघाली. मोठ्या बाबांनी नावाच्या शेवटची इंग्रजी अक्षरं जुळवून वाचली, "वाव."

"वाव नाही, वेव्ह म्हंतात."

"एवढी मोठी काहून?"

"हिच्यात काहीच दाबलं नाही. माईकनं आयकलं थे सारं जसंच्या तसं हाये. लहान फाइल केली का कानाले ज्याची उणीव भासत नाही, थे गाळून टाकतात."

त्यांच्या मोबाईलमध्ये नातवंडांचे व्हिडिओ खच्चून भरलेले. मोठी फाइल शिरेचना. "म्हंजे वावाले वाव नाही!" ते म्हणाले आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच ऐकवत राहिले. मी लहान फाइल करून दिली. करता करता चष्म्याचा तुकडाही कापला. गाणं कसं स्वच्छ झालं! मी स्वतःवरच खूश होतो.

ऑपरेशन नीट झालं, आवाज गेला. मोठी आई आता कुजबुजल्यासारखं बोलते. महिन्याभरानं मोठ्या बाबांचा फोन आला.

"थो वाव हाये का रे तुह्यापाशी, का पुसला?"

लॅपटॉपमध्ये जागा हवी म्हणून दोनदा मी ती फाइल पुसायला निघालो होतो. घाईघाईनं शोधली. होती.

"हाये. पण गाणं तं तुमच्या मोबाईलमधी हायेच ना?"

"गाणं हाये रे," ते म्हणाले. "मले थे नाकावरचं पाह्यजे."