फांद्यांचा थांबा

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. चाळीस वर्षं सुतारकी केली, पण त्याच्या हातून एक दार कधी तिरकं बसलं नाही. लोकांच्या घरी, म्हणजे. स्वतःच्या स्वयंपाकघराचं दार मिटायला अजूनही खाली वीट सरकवावी लागे. बायकोने त्यावर बोलणं सोडून दिलं होतं, आणि बायको बोलायचं सोडते तेव्हा नवऱ्याने घाबरावं, हे या शहाण्याला कळायला साठी उलटावी लागली.

बायकोची रस्त्याकडेला रोपवाटिका होती. रोपं अशी तरारलेली की बघत राहावं, पण बघतो कोण? गाड्या सुसाट यायच्या आणि धूळ टाकून जायच्या. एके सकाळी तिने शांतपणे सांगितलं, की दोन महिन्यांत गिऱ्हाईक थांबायला लागलं नाही तर ती हे सगळं बंद करून बहिणीकडे राहायला जाणार, कायमची.  घरात एकटं राहायचं ओळंब्याला अजिबात धाडस नव्हतं. काय करू, एवढंच त्याने विचारलं.

पाटी करा, ती म्हणाली. झाडाच्या खोडांची, फांद्यांची. वर लिहायचं, 'जरा थांबा, रोपं बघा'. आणि रंधा लावायचा नाही, लाकूड जसं आहे तसंच राहू द्यायचं.

सवय वाईट. पहिल्याच दिवशी ओळंब्याने एक खांब तासून आरशासारखा केला. बायकोने सालीचे तुकडे गोळा करून मुकाट्याने त्याच्यापुढे ठेवले. पुढचे दोन दिवस तो खांबाला डिंकाने साल चिकटवत होता.

मग अक्षरांच्या आकाराच्या फांद्यांचा शोध. काने पैशाला पासरी, प्रत्येक झाडाला लटकलेले. ब-सुद्धा पटकन सापडला. थ मात्र हटून बसला. ओळंबा झाडाझाडाखाली मान वर करून फिरायचा आणि लोक त्याला काय हरवलं म्हणून विचारायचे. शेजारच्या न्हाव्याने मोठ्या प्रेमाने एक ळ आणून दिला. सध्या ळ नको, असं ओळंब्याने सांगितल्यावर न्हावी रुसला तो रुसलाच. शेवटी एका जुनाट वेलीच्या खोडात थ मिळाला, पण तोवर दीड महिना उलटला होता. बाकीचे शब्द गाळून ओळंब्याने नुसतं 'थांबा' करायचं ठरवलं. अर्थ तोच की, तो म्हणाला.

बेचक्याचे दोन खांब गुडघाभर खोल पुरले. बेचक्यांत आडवी फांदी टाकली, तीच शिरोरेषा, आणि तिला अक्षरं टांगली. अनुस्वाराला फांदीची चकती. वाकड्या फांद्यासुद्धा त्याने दोरी सोडून, मोजूनमापून वाकड्या बसवल्या.

दुसऱ्या दिवशी पाटीखाली पिशव्या घेतलेल्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. बस किती वाजता येते, त्यांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी सात जण होते. चौथ्या दिवशी रांग बघून खरंच एक बस थांबली. आठवड्याभरात सकाळी वीस-वीस माणसं, सगळ्यांची पाठ रोपांकडे आणि डोळे रस्त्याकडे. एक गृहस्थ तर बस उशिरा आली म्हणून ओळंब्याच्या घरी तक्रार घेऊन आले, आणि ओळंब्याने माफी मागितली. मग बसखात्याचा साहेब आला. कुणाच्या परवानगीने, म्हणून गरजला, खांब हलवून बघितला, हलेना म्हणून खूश झाला आणि थांब्याची वहीत नोंद करून खांबाला वेळापत्रक ठोकून गेला.

रोप एकही खपलं नाही.

दोन महिने भरले तशी बायकोने बॅग भरली. थांबा दारातच, लांब जायला नको. ती रांगेत बाराव्या नंबरला जाऊन उभी राहिली. ओळंबा मागोमाग आला. तेवढ्यात बसही आली.

"थांब," तो म्हणाला.

तिने पाटीकडे बोट केलं. "जगाला थांबा, आणि मला थांब. चाळीस वर्षांत मला कधी अहो-जाहो केलंत?"

सगळी रांग ऐकत होती, न्हावीसुद्धा. ओळंब्याचे कान लाल झाले. सरळ रेषेत जगलेला माणूस, असं वळण त्याच्या जिभेला कधी पडलंच नव्हतं.

"थांबा," तो म्हणाला. "मला एकट्याला जमायचं नाही. तुम्ही थांबा."

ड्रायव्हरला वाटलं आपल्यालाच सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं.  ती रांगेतून बाहेर आली आणि ड्रायव्हरला म्हणाली, निघा तुम्ही. बसमध्ये जागा नव्हती म्हणून मागे राहिलेल्या चार म्हाताऱ्या तिच्याच कुंड्यांवर टेकल्या होत्या.

"इथे एक बाक करा," ती ओळंब्याला म्हणाली. "रोपांकडे तोंड करून."

ओळंब्याने तिची बॅग उचलली आणि किती माणसांचा, ते विचारलं.