अस्सल शे

चार रिकामी माणसं रोज संध्याकाळी एका ठिकाणी बसली की किस्से आपोआप साठतात. पावसाळ्यात छपरावर काही ना काही उगवतंच, तसं. जळगावात योगेशच्या एसटीडी बूथमध्ये तीन कॉम्प्युटर आले, बाहेर ‘सायबर कॅफे’ अशी पाटी लागली आणि आमचं असंच झालं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गिऱ्हाईक कमी आणि आम्हीच जास्त!

आम्ही म्हणजे कॅफेचा मालक योगेश, वरणगावच्या काडतुसांच्या फॅक्टरीत रोज अप-डाऊन करणारे चौधरी, शाळेत विज्ञान शिकवणारा मी आणि आमचे नाना. नाना एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, मूळचे पारोळ्याकडचे. बोलणं पक्कं अहिराणी, ‘आहे’ म्हणायचं तिथे दर वाक्याला ‘शे’. पण नातू इंग्रजी शाळेत जायला लागला आणि मुलाने विनवलं, नाना, पोरासमोर ‘शे-बी’ बोलू नका, वर्गात त्याला हसतात. नानांनी वाद घातला नाही. ते घरी बोलायचेच कमी झाले. मला फार वाईट वाटायचं. जे काही बोलायचं ते आमच्याकडे येऊन बोलायचे.

*

पहिल्याच दिवशी योगेशने त्यांना मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून दिला. तीन, दोन, एक झालं, बाकीच्या गाड्या भुर्रकन गेल्या. नाना मात्र हाताची घडी घालून बसलेले.

“नाना, काढा की गाडी!”

“बेल वाजनी नही, गाडी कशी काढू?”

तीस वर्षांची सवय. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय त्यांचा पाय हलेना. शेवटी योगेशने जुन्या सायकलची घंटी आणून टेबलाला ठोकली. आम्ही टिंग टिंग केलं की नाना निघायचे.

निघाले तरी पंचाईत होतीच. तो गेम परदेशातला, तिथली वाहतूक उजवीकडून. नाना डावी बाजू सोडायला तयार नाहीत. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीशी टक्कर. गाडीचा पार चेंदामेंदा झाला, तरी नाना शांत.

“आपली साईड बरोबर शे. चुकी समोरनानी शे.”

*

चौधरींची तऱ्हा वेगळी. पोरं ज्या बंदुकीच्या गेमसाठी रांग लावायची, त्याला ते हातही लावायचे नाहीत. एकदा योगेशने फारच आग्रह केला तेव्हा खुर्चीवर बसले. पडद्यावर बंदूक आली, समोरून राक्षस आले, चौधरी बघत राहिले आणि राक्षसांनी त्यांना मारलं.

योगेश म्हणाला, अहो, गोळी का नाही झाडली?

“आमी बनवतो. झाडत नाही,” असं म्हणून चौधरी चहा सांगायला गेले.

*

विज्ञानाची बातमी आणायचं काम माझ्याकडे. मेंढीची हुबेहूब दुसरी मेंढी तयार केल्याची बातमी जुनी झाली होती, पण आमच्यात ती पुन्हा निघाली. मी फळा नसताना फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं पेशी, केंद्रक असं सगळं समजावलं. दोन्ही मेंढ्या तंतोतंत सारख्या, ओळखूच येत नाहीत, असा शेवट केला.

नाना लहानपणी मेंढ्यांमागे हिंडलेले. त्यांनी मान हलवली. “दोन मेंढ्या कधी सारख्या ऱ्हातस का सर? त्या सायबले वळखता येत नसतीन.”

दोन हजार साल लागताच जगभरचे कॉम्प्युटर सालाच्या घोळाने बंद पडणार, ही बातमी आली तेव्हा योगेश खरंच धास्तावला होता. त्याचा तर धंदाच त्यावर. त्यालाही धीर नानांनीच दिला. “आमना गावना म्हाताऱ्यासले कोनतं साल चालू शे, कधीच मालूम नही व्हतं. त्या बंद पडनात का?”

*

मग आली चॅट रूम. तिथे सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. नाना एका बोटाने करायचे, पण चुकायचे नाहीत. नाव घेतलं ‘नाना एसटी’. पहिल्याच संध्याकाळी एका अनोळखी माणसाने तीन अक्षरं पाठवली, ए, एस, एल. वय, मुलगा की मुलगी आणि गाव, असं विचारायची ती तिथली पद्धत. नानांनी ते आपलं वाचलं ‘असल’. आपण खरे की खोटे असं कोणीतरी विचारतंय! त्यांनी बाणेदारपणे उत्तर दिलं, ‘अस्सल शे’.

आता इंग्रजी अक्षरांत ‘शे’ लिहिलं की होतं एस, एच, ई. म्हणजे ‘शी’. समोरच्याची खात्रीच पटली की ही बाई आहे. त्याने पुन्हा विचारलं, नक्की ‘शी’? नाना म्हणाले, ‘हो, मी शे.’

आठवडाभर त्या माणसाने नानांना पडद्यावर गुलाबाची फुलं पाठवली. लोक किती प्रेमळ शेतस, असं नाना आम्हाला सांगायचे. शेवटी त्याने विचारलं, तू काय करतेस? नानांनी लिहिलं, ‘ड्रायव्हर. घाटात एक बी ॲक्सिडेंट नही.’ फुलं बंद झाली.

*

पण नानांचा जीव अडकला होता मराठी लोकांच्या एका रूममध्ये. तिथला चालक कडक. नाना आत शिरून ‘राम राम, कसं काय शे’ म्हणाले की हा लिहायचा, ‘इथे शुद्ध मराठीत बोला’, आणि बाहेर काढायचा. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा नाना म्हणाले, “घर बी नही, आठे बी नही. मंग बोलानं कोठे?”

दुसऱ्या दिवशी नाना आले, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा त्याच रूममध्ये गेले. राम राम नाही, काही नाही. एकच ओळ टाइप केली.

‘कोनी शे का?’

आम्ही तिघे मागे उभे. चालक आता काढतो की मग काढतो, असं वाटत होतं.

मग एक ओळ आली. ‘मी शे. मस्कत.’

‘मी बी शे. सुरत, दुकानमा.’

‘मी बी शे नाना, नाशिक.’

‘शे शे शे! चाळीसगाव, आते अमेरिका.’

ओळी इतक्या भराभर वर सरकायला लागल्या की नानांना वाचता येईनात, मी मोठ्याने वाचत होतो. चौधरी तावडी बोलीचे, जन्मभर ‘शे’च्या जागी ‘हाये’ म्हणणारे. ते शेजारच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले आणि अक्षरं शोधत शोधत त्यांनीही टाइप केलं, ‘मी बी शे’. नाना धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते आणि हसत होते.

एवढ्यात चालकाचं नाव पडद्यावर आलं. योगेश म्हणाला, संपलं.

ओळ उमटली. ‘माय घर नही शे, नहीते तिले दखाडतू.’

चालकाची मायही अहिराणीच, आणि तिला हे दाखवायची त्याची इच्छा! नानांनी ती ओळ दोनदा वाचली. मग एका बोटाने, सावकाश, सगळ्यांच्या वतीने उत्तर लिहिलं. ‘तिले सांग, बठ्ठा खुशाल शेतस.’

चौधरींनी हात लांब करून टेबलावरची घंटी वाजवली. टिंग टिंग.