साडूचा जाळ

परक्याचा बंगला बघून कुणाची झोप उडत नाही. शेजाऱ्याने गाडी घेतली तर फार तर दोन घास कमी जातात. पण साडू पुढे गेला की संपलंच! कारण साडूची बातमी आपल्याच घरात, आपल्याच बायकोच्या तोंडून येते, आणि तीही नेमकी ताटात वाढता वाढता.

उस्तादांचं तेच झालं. उस्ताद म्हणजे कौलांच्या कारखान्यातले भट्टीवाले. सव्वीस वर्षं कोळशाची भट्टी त्यांच्या हातात. भट्टीच्या भिंतीत मुठीएवढं भोक होतं. एक डोळा मिटून ते त्यातून बघायचे आणि सांगायचे, "अजून वीस मिनिटं. मग बंद." जाळाच्या रंगावरून आतली धग त्यांना कळायची, तापमानाच्या काट्याकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. मालकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय भट्टी उघडत नसे. आणि धाकटा साडू? शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर कामाला. घरात चार पाहुणे जमले की उस्ताद मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "या, कचरेसाहेब, या!" सगळे हसायचे. साडूही हसायचा, काय करणार बिचारा.

आता गंमत बघा. त्या डोंगराच्या पोटात वर्षानुवर्षं कचरा कुजतो आणि त्याचा जळणारा गॅस होतो. एका कंपनीने डोंगरावर मातीचा जाड थर घातला, आत विहिरींसारखे खोल पाइप उतरवले, पंप लावून गॅस ओढला आणि नळाने आणून सोडला कुठे? उस्तादांच्या भट्टीत! कोळशाचा खर्च नाही, धूर नाही, मालक खूश. आणि त्या विहिरींचे व्हॉल्व्ह सांभाळणारा मुख्य माणूस कोण, तर कचरेसाहेब.

गॅसचा जाळ निळसर, असून नसल्यासारखा. भोकाला डोळा लावून लावून उस्तादांचा डोळा लाल झाला, पण काही म्हणता काही कळेना. आता जो तो काट्याकडे बघायचा. मालक रोज सकाळी उस्तादांच्या समोरच साडूला फोन लावायचा, "साहेब, आज गॅस कसा आहे?" साहेब! उस्तादांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. घरी जावं तर तिथे बायको सुरू.

"ऐकलंत का, धाकटीच्या ह्यांना वेगळी खोली दिली ऑफिसात."

"दिली असेल. बाकीच्यांना वास सहन होत नसेल."

"पगारही वाढला म्हणे."

"वाढणारच. कचरा काय कमी होतोय?"

बायको हसली. पण कुणाच्या बाजूने हसली ते उस्तादांना कळलं नाही, आणि अख्खा रविवार नासला.

मालकाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: महिनाभर गॅसवर कौलं नीट भाजली गेली तर कोळसा कायमचा बंद. नाहीतर करार रद्द आणि पुन्हा कोळसा. पुन्हा कोळसा म्हणजे पुन्हा उस्ताद! रोज सकाळी त्यांना वाटायचं, आज बिघडेल. मेलं बिघडतच नव्हतं. सत्तावीस दिवस भट्टी सुतासारखी सरळ चालली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मालक बाहेर गेला होता, म्हणून साडूचा फोन उस्तादांनीच घेतला.

"दादा, पुरतोय ना गॅस?"

काटा अगदी जागच्या जागी होता. जळो तो काटा! उस्ताद म्हणाले, "नाही पुरत. भट्टी गार पडतेय. अजून ओढ."

साडू म्हणाला, "याहून जास्त ओढलं तर मातीतून हवा आत शिरते, दादा. गॅस पातळ होतो, मग पेटतच नाही."

हे काय उस्तादांना ठाऊक नव्हतं? महिनाभर साडू सगळ्यांना हेच तर समजावत होता. ठाऊक होतं म्हणूनच तर मागितलं!

"मला शिकवू नकोस. भट्टी मी बघतो की तू? ओढ म्हणतो तर ओढ."

"बरं," साडू म्हणाला.

दुपारी दोनला जाळ फडफडायला लागला, तीनला विझला. आत नऊ हजार कौलं, अर्धी कच्ची. कामगारांची पळापळ झाली. उस्ताद तोंड पाडून कोपऱ्यात उभे होते, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मालक आला तो फणफणतच. त्याने साडूला बोलावून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "एवढं ओढायला कुणी सांगितलं होतं?"

साडूने उस्तादांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी नाही. माझाच अंदाज चुकला."

"मग करार संपला. तुमच्या कंपनीला कळवतो, तुम्हाला ठेवायचं की काढायचं ते त्यांचं ते बघतील."

"बरोबर आहे," साडू म्हणाला.

मागे मुकादम हळूच कुणाला तरी म्हणाला, "माणूस सरळ आहे हो. दुसरा असता तर कुणावर तरी ढकललं असतं."

झालं! उस्तादांच्या डोक्यात तिडीक गेली. करार मोडला, कोळसा परत आला, सगळं मनासारखं झालं, आणि तरी कौतुक ह्याचंच? हे घरी पोचणार. बायको वाढता वाढता म्हणणार, "धाकटीचे हे किती मोठ्या मनाचे!" आणि आपण जन्मभर त्याच्या उपकाराखाली मान घालून जेवायचं? छे छे, ते नाही जमणार.

"खोटं बोलतोय तो!" उस्ताद ओरडले. "मी सांगितलं होतं. भट्टी चांगली तापलेली होती, तरी सांगितलं. मोठा आलाय मोठेपणा घ्यायला!"

मालकाने आपल्या सव्वीस वर्षांच्या जुन्या माणसाकडे पाहिलं. गॅसचा करार टिकला. उस्तादांना मात्र उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

फाटकापाशी साडू त्यांची वाट बघत थांबला होता. उस्ताद त्याच्यावरच फिस्कारले, "बिघडणार हे तुला कळत होतं ना? मग ओढलंस कशाला?"

"तुमच्या भट्टीचा काटा आमच्या खोलीतही दिसतो, दादा. गार पडली नव्हती, ते दिसत होतं मला."

"मग?"

साडू म्हणाला, "बावीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंत. नाही कसं म्हणू? वाटलं, थोडंसं ओढू, निभावून जाईल. नाही निभावलं."

खरं सांगायचं तर तेव्हाही उस्तादांच्या मनात जे आलं तो हेवाच होता, साडूच्या मोठ्या मनाचा, आजवरचा सगळ्यात मोठा.

"एवढं तरी माझ्यासाठी ठेवायचं होतंस रे," ते म्हणाले आणि रस्त्याला लागले.