मामाचा डेमो प्लॉट

विकणाऱ्याचा आपल्या मालावर मनापासून विश्वास हवा, असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. माझा होता. नुसता होता असं नाही, ओसंडून वाहत होता!

राहुरीला शेतीची पदवी घेतली आणि पिकांचं टॉनिक विकणाऱ्या एका कंपनीत लागले. दर सोमवारी साहेब आम्हाला उभं करून म्हणायला लावायचे, "माझा माझ्या प्रॉडक्टवर विश्वास आहे." श्रीरामपूरकडचा माझा एक सहकारी नुसते ओठ हलवायचा. शेतकऱ्यांना सांगायचा, "आधी दोन वाफ्यांत टाकून बघा, मग ठरवा." असं कुणी विकतं का? साहेब त्याला सगळ्यांदेखत झापायचे आणि मला, खरं सांगते, बरं वाटायचं.

माझ्या विश्वासाला पुरावा मिळाला तो मामाच्या रानात. मामानं अर्धा एकर कांदा डेमो प्लॉटसाठी दिला. खत निम्मं द्यायचं, बाकी सगळं आमच्या टॉनिकवर. बांधावर बोर्ड लागला, त्यावर माझं नाव. पातीला अशी गर्द हिरवी काळोखी आली की लोक गाड्या थांबवून बघायला लागले.

मामाच्या शेजारी एका मावशींचं रान होतं. त्या एकट्याच ते कसायच्या आणि सगळं वर्ष त्यांचं त्या कांद्यावर चालायचं. त्यांना मी प्लॉटवर नेलं, रोप उपटून पांढरी मुळी दाखवली आणि म्हणाले, "मावशी, सगळ्या रानाला टाका. खत निम्म्यावर आणा. माझ्या जबाबदारीवर."

त्यांनी टाकलं. कांदा पोसलाच नाही. पात पिवळी पडली आणि गाठ लिंबाएवढी राहिली.

मी तडक मामाकडे गेले. तुझा कसा आला, विचारलं. मामा आधी हसला, मग मान खाली घालून म्हणाला, "आगं, बोर्डावर भाचीचं नाव. पीक पिवळं पडलं आसतं तर गावात तुजीच शोभा झाली आसती. म्हनून खताचे दोन डोस जास्ती दिले. तुला न्हाई सांगितलं."

आयुष्यात पहिल्यांदा मी मामावर ओरडले. त्या भल्या माणसाला कळेना, आपलं चुकलं काय. संताप त्याचा आला, साहेबांचा आला आणि माझा तर इतका आला की तो अजून उतरलेला नाही. कृषी पदवीधर मी! माती तपासायला शिकले होते, आणि मामाला साधं विचारलं नाही, खत किती टाकलंस.

मावशींकडे गेले तेव्हा त्या अंगणात बारीक कांदा निवडत होत्या. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मावशी, मी खोटं नव्हते बोलले हो. माझा खरंच विश्वास होता."

त्यांनी मान वर केली नाही.

"त्येच तर, पोरी. लबाड बोलत आसतीस तर मला कळलं आसतं. दारात सुदीक उभं केलं नसतं तुला."