सिदोजी रामजींची सही

चिन्मय, सई,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत की नव्या उद्योगाच्या वेबसाइटचं नाव सध्या एका मित्राच्या नावावर घेतलं आहे, नंतर बदलून घेऊ. तुम्ही हसलात. मी हसले नाही, पण फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं. म्हणून लिहिते आहे. पुरतं वाचा आणि मग त्या मित्राला फोन करा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका छोट्या ऑफिसात हळदीच्या व्यापाऱ्यांची एक्स्पोर्टची कागदपत्रं करायचे. इंटरनेट गावात नवीन होतं, त्यामुळे ईमेलची आणि डोमेनची कामंही माझ्याच टेबलावर यायची. डोमेन म्हणजे इंटरनेटवरच्या दुकानाची पाटी. ईमेलचा पत्ताही त्याच पाटीवरून बनतो. ती पाटी ज्याच्या नावावर नोंदलेली, तो रजिस्ट्रंट, म्हणजे मालक.

एका दुपारी बाळासाहेब साताऱ्याहून एसटीने थेट माझ्याकडे आले. घामाघूम झालेले. हातात दोन प्रिंटआउट.

"बाई, ह्ये वाचा. आमचा आजा कुठं हाय म्हून इचारत्यात."

बाळासाहेब आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा यांची हळदीची पेढी होती. पेढीचं नाव आजोबांचं, सिदोजी रामजी. आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पाटी तीच राहिली. त्या वर्षी भावांनी शांतपणे वाटणी केली. यार्डातलं दुकान अण्णांना, एक्स्पोर्ट बाळासाहेबांना. त्यासाठी बाळासाहेबांनी साताऱ्यात हळद दळण्याची गिरणी टाकली होती. डोमेन एक्स्पोर्टचं, म्हणून तेही त्यांच्याकडे जायचं होतं. ते पेढीच्या नावावर होतं, आणि त्यावरची सगळी ईमेल अजून अण्णांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरत होती. परदेशी गिऱ्हाइकांना तेवढा एकच पत्ता ठाऊक होता. हंगामाच्या ऑर्डरी त्यावरच येणार होत्या.

मालक बदलण्याचा नियम कडक होता. सोडणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकाच करारावर सही करायची, नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि कागद अमेरिकेतल्या नोंदणी कंपनीला पाठवायचा. नुसती ईमेल चालत नसे, कारण त्या काळी कुणीही कुणाच्याही नावाने ईमेल पाठवू शकायचा. आमचा करार रीतसर गेला होता.

करारात बाळासाहेबांनी आपला साताऱ्यातला ईमेल पत्ता दिला होता, कंपनीची पत्रं तिथे आली होती. पहिल्या प्रिंटआउटमध्ये कंपनीने श्री. सिदोजी रामजी यांचं फोटो असलेलं ओळखपत्र मागितलं होतं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"उत्तर दिलं की. खरं त्येच लिवलं. सिदोजी रामजी माझ्या जन्माआधीच वारले."

दुसरी प्रिंटआउट त्या उत्तराचं उत्तर होती. मालक हयात नसेल तर करारावर सही कोणी केली? बनावट सहीचा संशय असल्यामुळे मालकीबदल रोखला आहे. मुदतीत समाधानकारक खुलासा आला नाही तर हे नावच बंद करण्यात येईल.

मी करार पाठवण्यापूर्वी घेतलेली झेरॉक्स काढली. सोडणाऱ्याच्या जागी अण्णांनी ठसठशीत इंग्रजीत सही केली होती: सिदोजी रामजी.

बाळासाहेबांचा चेहरा बदलला. "म्हंजे अण्णानं मुद्दाम क्येलं. द्यायचंच नव्हतं त्येला."

"तसं नसेल हो."

"नसंल कसं? मेल त्येच्या दुकानात पडत्यात. ऑर्डर कुणाच्या हातात जाणार?"

मला कंपनीपेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटली. मी त्यांना घेऊन यार्डात गेले.

अण्णा गादीवर बसून हळदीचे नमुने मोडून बघत होते. बाळासाहेब उभ्यानेच बोलले. अण्णांनी ऐकून घेतलं.

"आरं, मग कुणाची सही करू? पेढीचं नाव, पेढीची सही. वडील हीच करायचे. मी हीच करतो. तू काय येगळी करतोस व्हय रं?"

बाळासाहेबही आयुष्यभर पावत्यांवर आणि चेकवर आजोबांचंच नाव लिहीत आले होते. यार्डात ते कुणालाच वावगं वाटत नसे. सही पेढीची असते, माणसाची नसते, हे तिथल्या हमालांनाही ठाऊक होतं. अमेरिकेला ठाऊक नव्हतं.

पण संशय एकदा बोलला गेला की परत तोंडात जात नाही. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, धाकट्याला वाटतंय मी चोर हाय. ह्ये आधी मिटवा, नाव गेलं खड्ड्यात."

बाळासाहेबांनी घाबरून उपायही सुचवला. "आजाचा फोटू हाय घरात. त्यावरनं एक ओळखपत्र करून घिऊ. तिकडं कोण बघतंय?"

"हार काढून फोटो काढणार का हारासकट?" अण्णा म्हणाले.

मी स्पष्ट सांगितलं, तसलं काही झालं तर मी या कामात नाही. आत्तापर्यंत नुसता संशय होता. त्यानंतर तो खरा ठरला असता.

दिवेलागणीनंतर अमेरिकेत ऑफिसं उघडतात, तेव्हा मी एसटीडी-आयएसडी बूथवरून फोन लावला. दोघे भाऊ बाहेर बाकावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक बाई फोनवर आल्या. मी समजावलं की सिदोजी रामजी हे आता माणसाचं नाव नसून पेढीचं आहे.

त्या म्हणाल्या, "म्हणजे एका मृत माणसाच्या नावाने दोन जिवंत माणसं सह्या करतात?"

"हो."

"आणि बँक पैसे देते?"

"हो."

त्या म्हणाल्या, "तसं बँकेकडून लिहून आणा. पेढीच्या नोंदणीचा पुरावा जोडा. आणि सोडणाऱ्याने या वेळी कृपा करून स्वतःच्या नावाने सही करावी."

मला त्यांचा राग आला नाही. उद्या कुणी तिऱ्हाईत बाळासाहेबांची पाटी पळवायला आला असता, तर याच बाईंनी त्याला अडवलं असतं.

बँकेचे मॅनेजर आधी कचरले. परदेशी पत्र, बनावट सहीचा मामला, हेड ऑफिसला विचारतो म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, ही सही खोटी असेल तर तुम्ही इतकी वर्षं कुणाचे चेक पास केलेत?" पत्र संध्याकाळी मिळालं.

नोटरीसमोर अण्णांची सही व्हायची होती. स्वतःच्या नावाची त्यांची एकच सही होती, स्कूटरच्या लायसनवर. ती पुढ्यात ठेवून ते शाळकरी पोरासारखं एकेक अक्षर काढत होते. बाळासाहेब शेजारी उभे राहून बघत होते. मध्येच म्हणाले, "अण्णा, सावकाश. पेनाला हिसका बसंल."

"तू गप रं. घाई तुलाच हाय." पण बोलताना ते हसले.

कुरिअर गेलं आणि उत्तर येईना. मुदत जवळ येत होती. मी रोज सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर मोडेम लावायचे आणि त्याची ती कर्कश शिट्टी संपायची वाट बघायचे. अण्णाही रोज दुकान उघडलं की आलेली ईमेल शब्द न् शब्द फोनवर साताऱ्याला वाचून दाखवायचे. इंग्रजी त्यांना जमेल तसं. हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याची ऑर्डर त्यांनीच अशी वाचून दाखवली. बाळासाहेबांनी पुन्हा कधी संशयाचा शब्द काढला नाही. काढला असता तर मीच त्यांना ऑफिसबाहेर घालवलं असतं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. खुलासा मान्य, मालक बदलला. नवा रजिस्ट्रंट म्हणून बाळासाहेबांचं स्वतःचं, पूर्ण नाव होतं.

यातून मी एवढंच शिकले. पाटीवर नाव कुणाचंही लावा. नोंद मात्र अशा माणसाच्या नावावर करा, जो विचारलं तर स्वतः येऊन 'मी तो' म्हणू शकेल. आणि ती बदलायची असेल तर संबंध गोड असतानाच बदला.

अण्णा गेले, मग बाळासाहेबही गेले. गिरणी विकली, एक्स्पोर्ट बंद झाला. ते डोमेन बाळासाहेबांच्या मुलीच्या नावावर अजून चालू आहे, आणि त्या पत्त्यावर ईमेल पाठवली तर पोचते.