फक्कीनं आखलेलं घर

मला चौकशा फार. माहेरी आई म्हणायची, हिला सासरी धाडताना तोंडाला कुलूप घालूनच धाडली पाहिजे. तसं काही कुणी केलं नाही. आणि मी पिंपरीत नांदायला आले त्याच सुमाराला आमच्या घराचं काम निघालं. मग काय विचारता! कुठली भिंत पाडायची, दार इथंच का, वीट कुठल्या भट्टीची, मला सगळं समजून घ्यायचं होतं. नव्या सुनेनं गप्प बसावं हे मला कळत होतं, पण जमत नव्हतं.

तेव्हा गावाजवळ नवी कंपनी उभी राहिली होती. साताऱ्याकडची, कोकणातली, मराठवाड्यातली माणसं कामाला येत आणि डोक्यावर ट्रंक घेऊन गल्लीगल्लीत खोली विचारत फिरत. माझे धाकटे दीर त्याच कंपनीत शिफ्टला जायचे. त्यांनीच घरात हे पिल्लू सोडलं, की मातीच्या भिंती काढून विटांच्या करायच्या आणि मागच्या परसात दोन खोल्या काढून भाड्यानं द्यायच्या.

आमच्या घरात शब्द चालायचा थोरल्या मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा. त्यांची बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. दिवसभर घराच्या पुढच्या सोप्यात, दाराशीच घोंगडीवर बसायचे, आणि गावातलं कुणी ना कुणी त्यांच्यापाशी असायचंच. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी हो म्हटलं की ते झालं, आणि त्यांनी मान हलवली की विषय संपला.

माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, या थोरल्या मामंजींच्या समोर कधीच यायच्या नाहीत. थोरल्या दिरासमोर जायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ताट वाढून माजघराच्या उंबऱ्याआत ठेवायचं, ते माझे सासरे उचलून सोप्यात न्यायचे. निरोप द्यायचा तर पोरांच्या तोंडून. मला या गोष्टीचं भारी नवल वाटायचं. एका छपराखाली जन्म काढला, आणि एकमेकांचा आवाज ऐकला तो भिंतीआडून, तोही दुसऱ्याशी बोलताना. मी एकदा विचारलंच, "आत्याबाई, थोरले मामंजी दिसतात कसे, ठाव तरी हाय का तुमास्नी?"

भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "लग्नात बघितल्यालं. मिशा काळ्या व्हत्या."

सोप्यातनं जायची सोय नाही म्हटल्यावर त्यांचं सगळं जाणंयेणं परसदारानं. विहिरीचं पाणी, सरपण, दळण सगळं मागनंच. दुपारी शेजारणी जमायच्या त्याही परसातच, शेवग्याखाली. निवडणं, टिपणं, केस विंचरणं, कुणाची सून कशी आहे याचा निवाडा, सगळं तिथं चालायचं. आत्याबाईंचा भाऊ आला तरी आधी सोप्यात रामराम घालायचा आणि मग बोळातनं वळसा घालून मागं येऊन बहिणीपाशी बसायचा.

एके दिवशी भावजींनी कंपनीतल्या नकाशे काढणाऱ्या ओळखीच्या माणसाकडनं घराचा नकाशा काढून आणला. निळा कागद, त्यावर पांढऱ्या रेघा. सोप्यात सगळे पुरुष त्याच्यावर वाकले, माना डोलावल्या आणि झकास आहे म्हणून मोकळे झाले. मी चहा घेऊन गेले ती तिथंच रेंगाळले. रेघेच्या शेजारी एक पाव वाटोळं दिसलं. हे काय म्हणून विचारलं, तर भावजी म्हणाले, "वहिनी, ते दार. उघडताना असं फिरतं, म्हणून तसं दावत्यात."

मला ते इतकं आवडलं म्हणून सांगू! कागदावर दार फिरतं. मी लागले एकेक दार शोधायला. सोप्याचं सापडलं, माजघराचं सापडलं, स्वयंपाकघराचं आतलं सापडलं. मागचं काही दिसेना.

"परसदार कुठंय?"

"त्ये न्हाई आता. तिथं खोल्या आल्या न्हवं?"

मी आत जाऊन आत्याबाईंना सांगितलं. त्यांचा हात पिठातच थांबला. "मग मी कुठनं जाऊ?" म्हणाल्या. दुसरं काही नाही.

माझे सासरे जेवायला बसले तेव्हा आत्याबाईंनी विषय काढला. ते म्हणाले, "सोप्यातनं जायचं. काळ बदललाय आता."

"दादांच्या म्होरनं?"

सासरे घास चावत राहिले. मग म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे झालं, त्यावर माती पडली. सासरे भावाचा शब्द मोडणार नाहीत आणि आत्याबाईंना दिराशी बोलता येणार नाही. माझा नुसता संताप झाला. मी सांगते थोरल्या मामंजींना म्हटलं, तर आत्याबाईंनी मला दटावलं. "तू न्हाई बोलायचं. काल आल्याली सून घराच्या कामात तोंड घालती, असं गावभर व्हईल." पण त्या दिवसापासून त्या परसदाराशी उगीचच बसायला लागल्या. हातात काही काम नसतानासुद्धा.

मला त्या कागदावरनं घर कळत नव्हतं, हेही तितकंच खरं. एवढ्याशा चौकोनात चूल बसणार कशी, मांडणी कुठं, मी झोपणार कुठं? भावजींच्या मागं लागले, की हे घर आहे तेवढं मोठं जमिनीवर काढून दाखवा. ते हसले. पण गवंड्याला कल्पना पटली. सुगी उरकलेली, खळं सारवून गुळगुळीत होतं. त्यानं दोरी धरली, भावजींनी चुन्याची फक्की टाकली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं घर खळ्यावर पांढऱ्या रेघांत उतरलं. जिथं दार तिथं रेघ सोडलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष यायच्या आधी मी आत्याबाईंना घेऊन बघायला गेले. गंमत अशी, की आम्ही दोघी सरळ सोप्याच्या दारातनं आत शिरलो. रेघ ओलांडून जावं असं मनातसुद्धा आलं नाही. माजघरातनं स्वयंपाकघरात गेलो. मी चूल कुठं, पाणी कुठं ते पावलांनी मोजत होते, आत्याबाई मधोमध उभ्या होत्या. तेवढ्यात पुरुष आले. आले ते आले, आणि थोरल्या मामंजींनी वहाणा सोप्याच्या दाराबाहेर काढल्या. उघड्या खळ्यावर! सोप्याच्या चौकोनात घोंगडी टाकून बसले. गवंडी आत येताना डोकं वाकवून आला. सासरे रेघ न ओलांडता दारादारानं फिरले. मला हसू आवरेना, पण आत्याबाईंकडं बघितलं आणि हसू गेलं. त्यांनी पदर कपाळाखाली ओढला होता आणि सोप्याकडं पाठ करून त्या जिथल्या तिथं उभ्या होत्या.

मी हळूच म्हटलं, "फक्कीच हाय, आत्याबाई. मागनं ओलांडा आन् चला."

"भिंत हाय ती," त्या म्हणाल्या.

ऊन चढलं. पुरुषांच्या विटांच्या गप्पा चालल्या होत्या. शेवटी सासऱ्यांना भूक लागली असावी. त्यांनी हाक मारली, "अगं, घरला जा की. भाकरी टाकायच्यात न्हवं?" आत्याबाई हलल्या नाहीत. मला पुटपुटून म्हणाल्या, "सांग त्यास्नी, वाट न्हाई."

मला काय, सांगायलाच सांगितलं होतं. मी चांगलं खणखणीत सांगितलं, "आत्याबाईंना भाईर यायला वाट न्हाई."

भावजी म्हणाले, "आईला म्हणावं, उडी मार." कुणी हसलं नाही. गवंडी आपल्या दोरीशी खेळत राहिला. थोरल्या मामंजींनी स्वयंपाकघराच्या मागच्या रेघेकडं बघितलं, मग आम्हा दोघींकडं, आणि ते उठले. दारातनं बाहेर गेले, वहाणा घातल्या आणि शेताकडं तोंड करून उभे राहिले.

"जाऊ द्या तिला," म्हणाले.

आत्याबाई गेल्या नाहीत. थोरल्या मामंजींनी तसंच पाठमोरं राहून, कुणालाच नाही असं विचारलं, "आन् रोज मी असा कितीदा उठू?"

मग ते मला म्हणाले, "पोरी, विचार तिला. दिवसातनं कितीदा जाती ती मागं?"

मी विचारायला वळले, पण माझं तोंड उघडायच्या आधीच माझ्या डोक्यावरनं आवाज आला. "दादा, जाती कुठं? मी तिथंच ऱ्हाती. घरात नुसती निजाय येती."

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याबाई थोरल्या मामंजींशी बोलल्या होत्या, सरळ, चारचौघांत. आता काय होतंय या भीतीनं मी त्यांचा हात धरला, तर तो हात माझ्याहून गार.

थोरले मामंजी काही वळले नाहीत. शेताकडंच बघत गवंड्याला म्हणाले, "एकच खोली काढा. परसदार ऱ्हाऊ द्या हाय तिथं." आणि तसेच गावाकडं चालू लागले. घोंगडी मागं राहिली. गवंड्यानं मागची रेघ पायानं पुसली, आणि आत्याबाई तिथनं बाहेर पडल्या.

घर तसंच बांधलं. परसदार राहिलं, शेवगाही राहिला. त्यानंतर ते दोघं एकमेकांशी पुन्हा कधी बोलले नाहीत. ताट उंबऱ्याआतच राहिलं, निरोप माझ्या तोंडून जाऊ लागले, एवढाच फरक. थोरले मामंजी शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा आत्याबाई त्यांच्यासाठी रोज पेज करायच्या, आणि वाटी माझ्या हातात द्यायच्या.

ते गेल्यावर मी विचारलं. माझी खोड ती जाणार थोडीच. "येकदा बोलला व्हता की तुम्ही. मग पुढं का न्हाई बोलला?"

आत्याबाई म्हणाल्या, "मागायचं त्ये मागितलं, त्येंनी दिलं. मग बोलायचं काय?"

सुपातले खडे वेचत राहिल्या. मी उठायला लागले तेव्हा खालीच बघत म्हणाल्या, "मधी भिंत नव्हती तवा लई मऊ वाटला गं त्येंचा आवाज."