प्रत्येकी एक केळं

माणसं कशी वागतात हे अजिबात न कळणारा एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि नेमकं तेच शोधून काढण्याचा त्याला पगार मिळत होता. आमच्या राजाजीनगरच्या घरात वरच्या मजल्यावर हे प्रोफेसर सात वर्षं भाड्याने राहिले. मूळचे पुण्याचे, एकटे. मी चौथीपर्यंत शिकलेली, तरी मला समजावायचे, "अक्का, माणूस शहाणपणाने वागतो असं पुस्तकात लिहिलंय. तो तसा वागत नाही, हे मला प्रयोग करून दाखवायचंय." मी म्हटलं, "त्याला प्रयोग कशाला? इथे पायरीवर बसा, दिसेल."

ते खरंच बसायचे. समोरच्या झाडाची गुलाबी फुलं डोक्यावर पडत राहायची, वर दूध उतू जाऊन करपायचं, आणि हे आपले हवेत बघत. भाजीवालीला विचारायचे, वांगी डावीकडे मांडली असती तर मी भेंडी घेतली असती का? ती कानडी मिसळून म्हणायची, "सर, स्वल्प, जरासं बाजूला सरा, गिऱ्हाईक आलंय." एकदा मला एकच कॉफी दोन पेल्यांत दिली, एक स्टीलचा, एक नक्षीचा. कुठली चांगली? मी म्हटलं, साखर दोन्हींत कमी आहे. तेही त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग केळ्यांचा प्रयोग आला. जिन्याखाली येलक्की केळ्यांची टोपली, वर कागद: प्रत्येकी एक. कुणी बघत नसताना माणूस एकच उचलतो का, हे त्यांना पाहायचं होतं. जिन्यावरून किती माणसं गेली ते वरच्या खिडकीतून मोजायचे आणि संध्याकाळी उरलेली केळी. यंदा चांगला पेपर लिहिला नाही तर नोकरी जाणार होती. नळ गळतोय म्हणावं तसं त्यांनी मला हे सांगितलं.

येलक्की केळं बोटाएवढं. पहिल्याच दिवशी माझ्या दिरांनी चार उचलली.

"भावजी, कागद वाचता येतो ना?"

"वहिनी, एवढुशा केळ्याला एक कोण म्हणतं?"

सगळ्यांनी तेच केलं. मला लाज वाटली. आमचं घर चोरांचं म्हणून पुस्तकात छापून येणार. तेव्हापासून मी दारात बसून माणसं मोजायची आणि जास्तीची गेलेली केळी घरातून आणून टोपलीत टाकायची.

महिनाभराने प्रोफेसर पेढे घेऊन खाली आले. पेपर पाठवला होता, वाचून दाखवायला बोलावणं आलं होतं, नोकरी राहणार होती. "अक्का, माणूस पुस्तकातल्यापेक्षा चांगला आहे," म्हणाले, आणि डोळे पुसले. पुरुषाने पेढा धरून रडावं हे मला बघवेना. मी सांगून टाकलं. "ती केळी मी भरत होते."

ते पायरीवर बसले. मग विचारलं, "रोज?"

"रोज. रविवारी जास्त लागायची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून पेपर मागे घेतला. मी चिडले. मी काय गावभर सांगत फिरणार होते? कुणाला कळलं असतं?

"कुणालाच नाही," ते म्हणाले. "म्हणून तर, अक्का."

नोकरी गेली. आता तिकडे व्हाइटफील्डला लहानशा कॉलेजात शिकवतात, प्रयोग बंद. टोपली मात्र मी जिन्याखाली ठेवतेच, मोजत नाही. येणारा-जाणारा खातो.

गेल्या महिन्यात भेटायला आले. वर नवं बिऱ्हाड आहे, तरी सवयीने थेट जिन्याकडे गेले आणि टोपलीपाशी थांबले. डोक्यावर दोन फुलं पडलेली, त्यांचा पत्ता नाही. त्या महिनाभरात टोपलीतलं केळं त्यांनी कधी खाल्लं नव्हतं, प्रयोगात चालत नाही म्हणायचे. एक घेतलं, सोलून तिथेच खाल्लं. मग इकडेतिकडे पाहिलं, आणि आणखी दोन खिशात टाकली.

मी आमच्या खिडकीपासून मागे सरले आणि कॉफी टाकली.